भरपाई दिली गेली होती, पण कुणाला?

गुलामगिरीची भरपाई द्यावी का याचा अभ्यास करायला अमेरिकेत कुठे समिती नेमली गेली, अशी बातमी आली की मालवणच्या बाजारात एक ठरलेलं वाक्य कानावर पडतं. ‘आज्यान केला, ता नातवान कित्याक भोगूचा?’ आणि त्याला जोडूनच दुसरं: ‘जुन्या अन्यायाचे पैसे जगात कधी कोणी कोणाला दिले आहेत काय?’ पहिला प्रश्न रास्त आहे, त्याकडे येऊच. दुसऱ्यामागचा समज मात्र साफ चुकीचा आहे. चार बुकं शिकलेली माणसंही तो छातीठोकपणे सांगतात, म्हणून हा खटाटोप.

पैसे दिले गेले आहेत. मोजून, पावत्या फाडून दिले गेले आहेत. फक्त ते गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना मिळाले.

ब्रिटिश संसदेनं 1833 साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला आणि मालकांचं ‘नुकसान’ भरून काढायला दोन कोटी पौंड मंजूर केले. सरकारच्या त्या काळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे 40 टक्के एवढी ही रक्कम. सुटलेल्या माणसांना एक पैही नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना ‘उमेदवार’ असं गोंडस नाव देऊन 1838 पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं. हैतीची गोष्ट तर याहून संतापजनक आहे. तिथल्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, आणि 1825 मध्ये फ्रान्सनं आरमार धाडून त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. ती पुढे 9 कोटींवर आली, पण फेडता फेडता देश खंक झाला.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. 1833 च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता, आणि मालवण 1812 पासून कंपनीकडे होतं. 1833 च्याच सनदी कायद्यानं मात्र गव्हर्नर जनरलवर हिंदुस्थानातल्या गुलामगिरीचा विचार करण्याची जबाबदारी टाकली. मग कायदा आयोगानं चौकशी केली आणि 1841 मध्ये जाडजूड अहवाल दिला. म्हणजे गुलामगिरीचा सरकारी अभ्यास ही काही अमेरिकेतून आलेली नवी टूम नव्हे. अहवालानंतर 1843 चा पाचवा कायदा झाला. त्यात मुख्यतः एवढंच होतं की गुलाम ही मालमत्ता म्हणून सरकारी अंमलदारानं विकायची नाही, कोर्टानं कुणाचा मालकीहक्क मानायचा नाही, गुलामाच्या कमाईवर तो गुलाम आहे म्हणून टाच आणायची नाही. माणूस विकत घेणं-देणं हा फौजदारी गुन्हा ठरायला भारतीय दंड संहिता यावी लागली. ती 1862 मध्ये लागू झाली. भरपाई इथं कुणालाच नाही, मालकाला नाही आणि गुलामालाही नाही. शेजारच्या सावंतवाडीत संस्थान होतं, तिथं कंपनीचा कायदा थेट चालत नव्हता. आणि तेरेखोलपलीकडे पोर्तुगालचं राज्य. त्यांचा गुलामगिरी संपवणारा हुकूम 1869 चा, तोही सुटलेल्यांनी आणखी काही वर्षं मालकाकडेच राबावं अशा अटीसह.

गुलाम हा शब्द बाजूला ठेवला तरी हिशेब तोच दिसतो. कोकणातली खोती घ्या. खोत कुळाकडून पिकाचा वाटा घेई, वर वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचं, त्याला आठवेठ म्हणत. डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यातसुद्धा खोतांना वाजवी मोबदला देण्याची तरतूद ठेवावी लागली. ते विधेयक काही पार पडलं नाही. पुढे मुंबई खोती निर्मूलन कायदा आला. संविधानाच्या नवव्या अनुसूचीत पहिल्या तेरा कायद्यांत तो आहे. त्यानं खोतपण गेलं, पण खोताची खासगी जमीन खोताकडेच राहिली आणि बुडालेल्या हक्कांबद्दल त्याला भरपाई मागता आली. कुळानं पिढ्यान् पिढ्या दिलेल्या वेठीचे दिवस कुणी मोजले? कुठल्याच रकान्यात ते नाहीत.

याच्या शेजारी महार वतन ठेवून बघा. गावकीची चोवीस तासांची चाकरी आणि बदल्यात जमिनीचा तुकडा. त्याविरुद्धही आंबेडकर 1928 पासून विधेयक घेऊन झगडत होते. अखेर 1958 च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यानं चाकरी संपली, आणि वतनाची जमीन सरकारजमा झाली. ती पुन्हा स्वतःच्या नावावर करून घ्यायला वतनदारानं सरकारला साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरायची होती. रक्कम मोठी नसेल, पण कोण कुणाला देतोय ते पाहा. शिवाय तेव्हा अट अशी होती की कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती जमीन विकता येणार नाही. राबवून घेणाऱ्याचा हक्क गेला तर सरकारनं पाकीट उघडलं. राबणाऱ्याची सुटका झाली तर त्यालाच पावती फाडायला लावली. ‘जुन्या अन्यायाचे पैसे कोणी दिलेत काय’ असं विचारणाऱ्यांनी आधी हे दोन कायदे वाचावेत.

आता आजोबा आणि नातू. भरपाईची मागणी सहसा शेजारच्या बाबल्याच्या नातवाकडे केलेली नसते, ती सरकारकडे असते. सरकार मरत नाही. त्याचं कर्ज, त्याचे करार, त्याच्या जमिनी एका पिढीकडून दुसरीकडे जातातच. ब्रिटिश सरकारनं गुलाममालकांना द्यायला काढलेलं कर्ज, पुढच्या कर्जरोख्यांत मिसळत मिसळत, पूर्ण फिटलं ते 2015 साली. तिथल्या अर्थखात्यानंच हे 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं. म्हणजे 2015 पर्यंत लंडनमध्ये नोकरी करून कर भरणाऱ्या मालवणी माणसानंही जमैकातल्या मळेवाल्याच्या भरपाईला हातभार लावला आहे! त्याच्या आजोबानं तर काहीच केलं नव्हतं. तेव्हा नातवानं का भोगावं, हे कुणी विचारलं नाही.

‘आमच्याकडे गुलाम नव्हतेच’ हेही सारखं ऐकतो. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायांच्या, खरेदी-विक्रीचे कागद आहेत, आणि शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये कर्नाटकच्या मुलखात डचांना गुलाम खरेदी करायला मनाई केली होती. जे नव्हतंच त्याला मनाई कशाला करावी लागते?

‘हा परका विचार आहे’ हा आणखी एक आक्षेप. पण जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना, आणि 1946 मध्ये आंबेडकरांनी तिथल्या काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली.

‘समिती नेमली म्हणजे पैसे वाटले.’ नाही हो. अभ्यास-आयोगाचं विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये पहिल्यांदा 1989 मध्ये आलं, 2021 मध्ये एकदा सभागृहाच्या समितीतून पुढे सरकलं, आणि अजून कायदा झालेला नाही. कॅलिफोर्नियाच्या कृतिदलानं 2023 मध्ये हजार पानांहून मोठा अहवाल दिला, त्यातून पुढच्या वर्षी निघालं ते राज्याचं औपचारिक माफीपत्र. प्रत्यक्ष पैसे दिले ते इव्हान्स्टन नावाच्या एका छोट्या शहरानं, तेही गुलामगिरीचे नव्हे, 1919 ते 1969 दरम्यान घरांच्या बाबतीत झालेल्या भेदभावाचे: माणशी 25 हजार डॉलर.

‘आरक्षण हीच आपली भरपाई.’ संविधानाच्या 16(4) कलमात कसोटी आहे मागासलेपणाची आणि अपुऱ्या प्रतिनिधित्वाची, झालेल्या नुकसानाची नव्हे. आरक्षणानं कुणाच्या वेठीचे पैसे चुकते होत नाहीत. 1928 साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीवर आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा होते. अस्पृश्यांच्या स्थितीची सरकारी पाहणी करून त्या समितीनंही शिष्यवृत्त्या, वसतिगृहं असेच उपाय सुचवले. मागच्या देण्याचा हिशेब तिनंही मांडला नाही.

उलट्या दिशेनं वाहणारा पैसा आपल्याकडे दिसतो तो वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्यात. त्यानं वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्ज रद्द केलं आणि मालकाला त्या बुडीत कर्जाबद्दल छदामही ठेवला नाही. 2016 च्या केंद्रीय योजनेत सुटका झालेल्या प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, आणि लैंगिक शोषण किंवा मानवी व्यापारासारख्या अतिगंभीर प्रकरणात 3 लाख रुपये ठरले. पण त्या योजनेत हातात ताबडतोब पडायचे ते 20 हजारांपर्यंत. बाकीची रक्कम बांधलेली होती खटल्याच्या निकालाशी.