‘से’ लागला की क्रियापद स्वतःकडे वळतं

गोंदियात बसून स्पॅनिश शिका की पुण्यात, पहिली ठेच ‘लेबान्तार्से’लाच लागते. ‘लेबान्तार’ म्हणजे उचलणं. शेवटी ‘से’ लागला की आपण स्वतः उठणं. वर्तमानकाळात हा ‘से’ सुटा होतो, क्रियापदाच्या आधी येऊन बसतो आणि कर्त्याप्रमाणे बदलतो: मे लेबान्तो (मी), ते लेबान्तास (तू), से लेबान्ता (तो, ती), नोस लेबान्तामोस (आम्ही), से लेबान्तान (ते). ‘तुम्ही’साठी स्पेनमध्ये ओस लेबान्ताइस; लॅटिन अमेरिकेत तिथेही ‘से लेबान्तान’च चालतं. उठतो-उठतेचा भेद नाही, तेवढी सुटका.

हात धुताना मात्र मराठी कामी येते. ‘मे लाबो लास मानोस’ यात ‘माझे’ कुठेच नाही. धानाच्या बांधीतून आलेला माणूस तरी ‘मी माझे हात धुतो’ असं कधी म्हणतो?

खरी गंमत अर्थ सरकतो तिथे आहे. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणं, ‘दोर्मीर्से’ म्हणजे झोप लागणं. ‘ईर’ जाणं, ‘ईर्से’ निघून जाणं. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून मुंबईला जाते तेव्हा नुसतं ‘बा’ (‘ईर’चं तो-ती साठीचं रूप). रुसलेला पाहुणा जेवायला न थांबता निघतो तेव्हा ‘से बा’. आपण जोडक्रियापदाने साधतो ते काम इथे एका अक्षरावर भागतं.

एक चकवा: ‘मे सिएन्तो आकी’ म्हणजे मी इथे बसतो, ‘मे सिएन्तो बिएन’ म्हणजे मला बरं वाटतंय. क्रियापदं दोन, रूप एकच.