मत आणि शिवी

कल्याणच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. आरक्षणाचा विषय निघाला की वर्गात आवाज चढतात. मी चर्चा थांबवत नाही. आरक्षणाला विरोध हे मत आहे. शेजारच्या मुलीची जात काढून तिला हिणवणं हे मत नव्हे.

कायदाही हा फरक करतो. 2012 मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, दोन तरुणींना अटक झाली. पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये अशा अटकांसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं. बोचऱ्या मतालाही संरक्षण आहे, चिथावणीला नाही. त्याचबरोबर 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा दलित-आदिवासींना लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ करणं गुन्हा ठरवतो.

बंद खोलीतल्या टोमण्यांचं काय? मे 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवलं. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप झाला. असा छळ पोलिसांत जाण्याआधीच कॉलेजनं ऐकायला हवा. त्यासाठी भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची तरतूद यूजीसीच्या 2012 च्या नियमांत होती. प्रवेश घेताना पालकांनी फीबरोबर एवढंही विचारावं: तक्रार कोण ऐकतं आणि किती दिवसांत?