शेड सोडवावी की उचलावी?

परसातली पत्र्याची शेड हलवायची म्हटली की पहिला हात पान्याकडे जातो. तो आधी आतल्या सामानाकडे जायला हवा. अर्धा मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा चौरस मीटरला साधारण 4 किलो भरतो. त्या हिशेबाने 10 बाय 8 फुटांची रिकामी शेड, लोखंडी अँगलच्या सांगाड्यासकट, 250 ते 300 किलोंच्या आसपास जाते. म्हणजे दहा जणांत माणशी फार तर 30 किलो. उलट पत्रे सोडवायला गेलं की गंजलेले बोल्ट तुटतात, भोकं फाकतात, आणि छत गळू लागतं. उचलताना सांगाडा पिळवटेल, ही शंका रास्तच आहे. म्हणून चारही बाजूंना तिरके आधार घट्ट बांधावेत आणि पायाशी लांब पाइप आडवे बांधून भार वाटून घ्यावा. खांब काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर जमिनीलगत कापून खाली प्लेट वेल्ड करून घ्यावी. शेड याहून बरीच मोठी असेल तर मात्र सोडवणंच बरं.

खरी काळजी नव्या जागेची. जो हलकेपणा माणसांच्या सोयीचा, तोच वाऱ्याच्याही सोयीचा असतो: छतावरून जाणारा जोराचा वारा पत्रा वर ओढतो, आणि दार उघडं राहिलं तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. त्यामुळे बोल्ट बसवलेले काँक्रीटचे पाये आधी घालावेत, त्यांना निदान 7 दिवस पाणी मारावं, आणि मगच शेड जागची हलवावी.