ब्रिटनचा जोडीदार व्हिसा : नाते खरे असले, तरी ते कागदावर सिद्ध करावे लागते

मुंबई : लग्न पार पडते, पाहुणे परततात आणि काही दिवसांतच नवदांपत्यापैकी एक जण ब्रिटनमधील नोकरीवर परततो. दुसऱ्याचा मुक्काम भारतातच राहतो. तो किती काळ राहणार, हे पुढे प्रेमावर किंवा दोन्ही घरांच्या इच्छेवर अवलंबून नसते. ते ठरते एका अर्जावर आणि त्यासोबत जोडलेल्या कागदपत्रांवर. विवाह खरा आहे, संसार करण्याचा हेतू खरा आहे, उत्पन्नही पुरेसे आहे, आणि तरीही एखादी पे-स्लिप गहाळ असल्याने किंवा खातेउताऱ्याची तारीख चुकल्याने अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणूनच या व्हिसासाठी लागणाऱ्या पुराव्यांचे स्वरूप आणि त्यांमागील तर्क अर्जापूर्वीच समजून घेणे आवश्यक ठरते.

आपण नेमक्या कोणत्या वर्गात?

पहिला गोंधळ येथेच होतो. जोडीदार व्हिसा हा ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक, ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क मिळालेली व्यक्ती आणि अन्य काही ठरावीक गटांतील व्यक्तींच्या पती-पत्नीसाठी आहे. ब्रिटनच्या स्थलांतर नियमांतील ‘परिशिष्ट एफएम’मध्ये त्याच्या अटी आहेत. कुशल कामगार व्हिसावर तेथे नोकरी करणाऱ्या भारतीयाच्या पतीला किंवा पत्नीला मात्र ‘अवलंबित’ म्हणून अर्ज करावा लागतो. त्याचे नियम वेगळे आणि उत्पन्नाची अटही वेगळी. शिवाय ११ मार्च २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्या परिचर्या सेवकांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा राहिलेली नाही.

गोव्यातील कुटुंबांसाठी आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे ब्रिटनमध्ये गेलेल्या अनेक गोमंतकीयांकडे युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेतील वास्तव्य परवाना आहे. त्यांचा विवाह ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालेला असेल, तर जोडीदाराला त्या योजनेखाली अर्ज करता येतो. त्यानंतर जुळलेल्या नात्यासाठी सर्वसाधारणपणे परिशिष्ट एफएमचाच मार्ग उरतो.

उत्पन्नाची अट आणि तिचे गणित

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावे, अशी अट ११ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. जुलै २०१२ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, तेव्हा मर्यादा १८,६०० पौंड होती. तिला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या पर्यायी साधनांचा पुरेसा विचार नियमांत नसल्याबद्दल ताशेरे ओढले. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत अन्य साधने विचारात घेण्याची तरतूद झाली. परंतु ती अपवादासाठीच आहे. नियमित अर्जाची उभारणी तिच्या भरवशावर करू नये.

भारतातून अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा येथील पगार या हिशेबात धरला जात नाही. पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीत उत्तम वेतन घेणाऱ्या पत्नीला हे अन्यायाचे वाटेल, पण नियम तसाच आहे. तिची बचत मात्र धरली जाते. बचतीतील पहिले १६,००० पौंड हिशेबाबाहेर ठेवले जातात आणि उत्पन्नातील तुटीच्या अडीचपट रक्कम त्यावर असावी लागते. उदाहरणार्थ, ब्रिटनमधील पतीचे उत्पन्न २५,००० पौंड असेल, तर तूट ४,००० पौंडांची. तिची अडीचपट १०,००० पौंड. म्हणजेच एकूण २६,००० पौंडांची बचत दाखवावी लागेल. उत्पन्न अजिबात नसेल, तर हाच आकडा ८८,५०० पौंडांवर जातो.

ही रक्कम दोघांपैकी एकाच्या किंवा दोघांच्या संयुक्त खात्यात किमान सहा महिने असली पाहिजे. आईवडिलांनी दिलेली भेट चालते. परंतु अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात आलेली मोठी रक्कम चालत नाही. घर किंवा जमीन विकून आलेल्या पैशाला सहा महिन्यांच्या अटीतून सवलत मिळू शकते. त्यासाठी मालमत्ता आधीपासून अर्जदाराच्या किंवा जोडीदाराच्या मालकीची होती आणि हा पैसा तिच्या विक्रीचाच आहे, हे कागदोपत्री दाखवावे लागते. व्यवसायातून मिळणाऱ्या उत्पन्नातील तूट मात्र बचतीने भरून काढता येत नाही, हे स्वयंरोजगार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ब्रिटनमधील जोडीदाराला अपंगत्व किंवा शुश्रूषेशी संबंधित ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील, तर २९,००० पौंडांची अट लागू होत नाही. अशा वेळी कुटुंबाचा निर्वाह पुरेसा होईल, एवढेच दाखवावे लागते.

तीन कागद, एकच कथा

नोकरदारासाठी उत्पन्नाचा पुरावा तीन कागदांवर उभा असतो : पे-स्लिप, बँकेचा खातेउतारा आणि मालकाचे पत्र. हे तिन्ही कागद परस्परांशी जुळले पाहिजेत. पे-स्लिपवरील निव्वळ वेतन त्याच महिन्यात, त्याच आकड्याने खात्यात जमा झालेले दिसले पाहिजे. मालकाच्या पत्रात नोकरी केव्हापासून आहे, एकूण वार्षिक वेतन किती, ते वेतन कधीपासून मिळते आणि नोकरी कायम आहे की मुदतीची, हे चारही मुद्दे असावेत. ‘सदर व्यक्ती आमच्याकडे काम करते’ एवढ्या दोन ओळींचे पत्र अपुरे ठरते.

एकाच ठिकाणी सहा महिने किंवा अधिक काळ नोकरी असेल, तर सहा महिन्यांची कागदपत्रे पुरतात. त्या काळात वेतन बदलले असेल, तर त्यातील सर्वांत कमी वेतनाच्या आधारे वार्षिक उत्पन्न मोजले जाते. पाचव्या महिन्यात मिळालेल्या वेतनवाढीवर विसंबून अर्ज करणाऱ्यांची फसगत इथेच होते. नोकरी नुकतीच बदललेली असेल, तर मागील बारा महिन्यांचा हिशेब द्यावा लागतो.

आणखी एक अट अनेकांच्या नजरेतून निसटते. शेवटची पे-स्लिप आणि शेवटचा खातेउतारा अर्जाच्या तारखेपूर्वीच्या २८ दिवसांतील असला पाहिजे. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून शुल्क चुकते केल्याचा दिवस. बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रावर जाण्याचा नव्हे. त्यामुळे आधी अर्ज भरून टाकावा आणि कागद मागाहून गोळा करावेत, हा क्रम धोक्याचा आहे. कागद हाती आल्यावरच अर्ज सादर करावा. काही उणीव राहिल्यास अधिकारी ती भरून मागू शकतात. परंतु तसे करणे त्यांच्यावर बंधनकारक नाही.

विवाहाचा दाखला : विधी आणि नोंद, दोन्ही हवेत

भारतात झालेला विवाह भारतीय कायद्यानुसार वैध असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात २००६ मध्ये सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार नोंदणीची व्यवस्था आहे, तर गोव्यात दिवाणी नोंदणी हा तेथील विवाहविषयक कायद्याचाच पूर्वापार भाग आहे.

व्हिसाच्या घाईपोटी काही कुटुंबे आधी केवळ नोंदणी करतात आणि लग्नसमारंभ पुढे ढकलतात. हिंदू विवाह कायद्याखाली अशी नोंद घेणाऱ्यांनी २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात घ्यावा. सप्तपदीसारखे आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. विधीशिवाय विवाह करायचा असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा मार्ग खुला आहे. मात्र त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सुट्टीवर दोन आठवड्यांसाठी आलेल्या वराने किंवा वधूने हे गणित आधीच मांडलेले बरे.

दोघांपैकी कोणाचा पूर्वी विवाह झाला असेल, तर घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला जोडणे अनिवार्य आहे. जातपंचायतीने किंवा गावकीने दिलेल्या फारकतीच्या कागदावर विसंबून राहू नये.

मराठीतील दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. त्यावर भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, स्वाक्षरी आणि संपर्क असावा.

महाराष्ट्रातील विवाहितांसमोर नावाचा प्रश्नही असतो. विवाहानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते. काही घरांत पाळण्यातले नावही बदलते. परिणामी पदवी प्रमाणपत्रावर एक नाव, पारपत्रावर दुसरे आणि विवाहाच्या दाखल्यावर तिसरे, अशी स्थिती उद्भवते. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे अधिकाऱ्याने ओळखावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, आणि सोबत दोन ओळींचा खुलासा, एवढ्याने हा गुंता सुटतो.

नात्याचा पुरावा : ढीग नको, साखळी हवी

दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत, नाते खरे व सुरू असलेले असावे आणि ब्रिटनमध्ये कायम एकत्र राहण्याचा हेतू असावा, या अटी वाचायला सोप्या आहेत. सिद्ध करायला अवघड. ठरवून केलेल्या लग्नात विवाहापूर्वी सहवासाचे पुरावे थोडेच असतात. त्यात संशयास्पद काही नाही, पण ती पद्धत अधिकाऱ्याला समजावून सांगावी लागते. स्थळ कोणामार्फत आले, पहिली भेट कधी झाली, साखरपुडा व लग्न कुठे झाले, त्यानंतर किती दिवस एकत्र राहिलात, हे दोघांच्या स्वतंत्र पत्रांत तारखांसह, साध्या शब्दांत लिहावे.

त्या पत्रांतील प्रत्येक टप्प्याला एखादा कागद जोडावा : लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, विमानाची तिकिटे, पारपत्रावरील शिक्के, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी. छायाचित्रे दहा-पंधरा पुरतात. ती वेगवेगळ्या प्रसंगांची असावीत आणि प्रत्येकाखाली तारीख, स्थळ व उपस्थितांचे नाते लिहावे. व्हॉट्सॲपवरील हजार पानांचा संवाद कोणी वाचत नाही. दर महिन्यातील एक-दोन पाने आणि कॉलच्या नोंदी घेतल्या, तर संपर्क अखंड राहिल्याचे दिसते आणि खासगी संवादही खासगी राहतो.

घर, भाषा आणि आरोग्य

राहण्याच्या जागेत दाटी होणार नाही, हेही दाखवावे लागते. सासूसासऱ्यांच्या घरात राहण्यास हरकत नाही. त्यासाठी घरमालकाचे संमतिपत्र, मालकीचा किंवा भाडेकराराचा कागद आणि घरात कोण कोण राहते याचा तपशील द्यावा. तेथील गृहनिर्माण कायद्यानुसार दोन खोल्यांत तीन आणि तीन खोल्यांत पाच व्यक्ती राहू शकतात. झोपण्यासाठी वापरता येणारा दिवाणखाना खोली म्हणून गणला जातो. दहा वर्षांखालील मूल अर्धे धरतात आणि एक वर्षाखालील बाळ मोजत नाहीत.

अर्जदाराला इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची ए-वन ही प्राथमिक पातळीची परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रातूनच द्यावी लागते. इंग्रजी माध्यमातील भारतीय पदवीही चालते. मात्र त्यासाठी ‘एक्टिस’ या ब्रिटिश संस्थेचे प्रमाणपत्र लागते, केवळ विद्यापीठाचे पत्र पुरत नाही. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त दवाखान्यातील क्षयरोग तपासणीचा दाखलाही आवश्यक असतो. त्याची मुदत सहा महिने असते. क्ष-किरण चित्रात शंका आल्यास थुंकीची तपासणी होते आणि तिच्या निकालास सुमारे दोन महिने लागू शकतात. त्यामुळे ही तपासणी अगदी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये.

खर्च, नकार आणि बनावट कागद

अर्जशुल्काखेरीज आरोग्यसेवा अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून त्याचा प्रौढांसाठीचा दर वर्षाला १,०३५ पौंड आहे; ३३ महिन्यांच्या पहिल्या व्हिसासाठी तो ३,१०५ पौंड होतो. अर्ज नाकारला गेल्यास अधिभार परत मिळतो, शुल्क मात्र मिळत नाही. नकाराविरुद्ध भारतातून २८ दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु अपिलाला बराच काळ लागू शकतो. केवळ एखादा कागद कमी पडला असेल, तर उणीव दूर करून नव्याने अर्ज करणे अनेकदा अधिक व्यवहार्य ठरते.

एका बाबतीत मात्र दुरुस्तीला जवळपास वाव नाही. बनावट पे-स्लिप, फुगवलेला खातेउतारा किंवा दडवलेला पूर्वीचा नकार उघडकीस आला, तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. ‘कागद आम्ही बघून घेतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या कृत्याची किंमतही अर्जदारालाच मोजावी लागते. ब्रिटनमध्ये स्थलांतरविषयक सल्ला देणाऱ्यांसाठी कायद्याने नोंदणी वा व्यावसायिक मान्यता आवश्यक आहे. सल्लागाराकडे ती आहे का, हे पैसे देण्यापूर्वी तपासून पाहावे.

देशागणिक या अटी बदलतात. अमेरिकेत सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाचे हमीपत्र लागते, तर जर्मनी बहुतांश जोडीदारांकडून जर्मन भाषेच्या ए-वन पातळीची अपेक्षा करते. त्यामुळे अमेरिकेला गेलेल्या नातलगाची यादी ब्रिटनसाठी उपयोगी पडत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ब्रिटनला गेलेल्या मैत्रिणीची यादीही जशीच्या तशी वापरू नये. अर्ज करण्याच्या आठवड्यात ब्रिटन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरील नियम व शुल्क पुन्हा पडताळून घ्यावे.

तयारी लग्नाच्या तारखेपासूनच सुरू करणे सर्वांत हिताचे. विवाहाची नोंद, नावातील तफावतीचा खुलासा आणि भाषेची परीक्षा हे आधी उरकता येते. बचतीला सहा महिने द्यावे लागतात, तर पे-स्लिप व खातेउतारा अगदी शेवटी गोळा करायचे असतात. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्या दोघांना कधी पाहिलेले नसते. लग्नातल्या अक्षताही त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात. त्याच्यासमोर असतात ते फक्त कागद, आणि त्यांतून दोघांच्या संसाराची गोष्ट त्याला नीट वाचता आली पाहिजे.