दंतोपचारातील निळा प्रकाश आणि चेहऱ्याची त्वचा : एक विवेचन

प्रस्तावना

दातातील पोकळीत भरलेले कॉम्पोझिट रेझिन कठीण करण्यासाठी दंतवैद्य ‘क्युरिंग लाइट’ वापरतात. या निळ्या झोताने चेहऱ्याची त्वचा काळवंडते किंवा अकाली वृद्ध होते काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात तरंगलांबी व मात्रा यांच्या आधारे विचार केला आहे.

प्रकाशाचे स्वरूप

१९७० च्या दशकाच्या प्रारंभीची उपकरणे सुमारे ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण वापरीत. दृश्य प्रकाशाने कठीण होणारी रेझिने आल्यावर ती मागे पडली. आजची एलईडी उपकरणे प्रामुख्याने निळा प्रकाश देतात; कारण कॅम्फरक्विनोन हा रेझिनमधील घटक सुमारे ४७० नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषतो. काही उपकरणांत ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाशही असतो. कोलॅजेनचा ऱ्हास व सुरकुत्या यांना मुख्यतः कारणीभूत असणारे ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण मात्र त्यांतून नगण्य प्रमाणात बाहेर पडतात.

मात्रेचा हिशेब

दर चौरस सेंटिमीटरला १००० मिलीवॅट तीव्रतेचा झोत २० सेकंद दिल्यास दातावर २० ज्यूल ऊर्जा पडते. भर दुपारच्या उन्हात निळ्या प्रकाशाची तीव्रता सुमारे १४ मिलीवॅट असते. म्हणजे तेवढी ऊर्जा मिळण्यास उन्हात सुमारे २४ मिनिटे लागतील. परंतु झोताचा रोख दाताकडे असतो. त्वचेवर केवळ विखुरलेला अंश पडतो. तो एक टक्का मानला, तरी ते १४ सेकंदांच्या उन्हाइतकेच ठरते. शिवाय उन्हासोबत अतिनील किरणही असतात.

रंगद्रव्य व अन्य धोके

दृश्य प्रकाश सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असे मात्र नाही. सावळ्या त्वचेवर त्याच्या मोठ्या मात्रेने दीर्घकाळ टिकणारा काळेपणा येतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. भारतीय त्वचेच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तथापि अशा मात्रा दंतोपचारातील विखुरलेल्या प्रकाशाहून कितीतरी अधिक होत्या. पॉर्फिरियासारख्या विकारात सुमारे ४०० नॅनोमीटरचा प्रकाश अपायकारक ठरू शकतो. अशा रुग्णांनी दंतवैद्यास पूर्वकल्पना द्यावी.

प्रत्यक्षातील धोके निराळे आहेत. प्रखर झोत ओठ वा हिरडीवर टेकल्यास भाजण्याची शक्यता असते. तसेच सुमारे ४४० नॅनोमीटरचा प्रकाश नेत्रपटलास सर्वाधिक घातक असतो. रुग्णाचा संपर्क काही सेकंदांचा, तर दंतवैद्य व साहाय्यकांचा रोजचा असतो. म्हणून नारिंगी गाळणीचा चष्मा त्यांना अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष

निरोगी व्यक्तीच्या त्वचेला नेहमीच्या दंतोपचारातील प्रकाशामुळे वार्धक्य येईल, असे मानण्यास आधार दिसत नाही. या भीतीने उपचार टाळल्यास दाताची कीड वाढण्याची हानी अधिक निश्चित आहे. दक्षता आवश्यक आहे ती डोळ्यांची, मुखातील मऊ ऊतींची आणि प्रकाशसंवेदी रुग्णांची.