परदेशची वाट आणि घरचा नियम

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कोथरूडमधील अनेक जैन घरांत वजनकाटा बैठकीच्या खोलीत येतो. डहाणूकर कॉलनीतील आजी-आजोबा नातवाला भेटायला अमेरिकेस निघालेले असतात, तर पौड रस्त्यावरील एखादा तरुण व्यापारी चीनमधील ग्वांगझूच्या कँटन मेळ्याची तयारी करीत असतो. बॅगेत खाखरे, ठेपले आणि सुकी भाजणी भरली जाते. तिकीट हाती असते, व्हिसाही मिळालेला असतो. तरीही घरातील ज्येष्ठांच्या मनात एक प्रश्न राहतोच, तिकडे नियम टिकेल का?

हा प्रश्न नवा नाही. 1893 च्या सप्टेंबरमध्ये शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली, तेव्हा निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना आले होते. साधूंना वाहनप्रवास वर्ज्य असल्याने त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. समुद्रपार गेल्याबद्दल या तरुण श्रावकाला समाजातील काहींच्या रोषास तोंड द्यावे लागले. परंतु आहाराचे नियम सांभाळूनच त्यांनी परदेशात जैन धर्माची ओळख करून दिली. पुढे 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ ही भारतीय मालकीची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या उद्योगामागे सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद होते. व्यापारासाठी दूरदेशी जाणे समाजाला परके कधीच नव्हते. प्रश्न पूर्वतयारीचा होता आणि आजही तोच आहे.

तयारीची सुरुवात कागदपत्रांपासून होते. बहुतेक देशांना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपातील शेंगेन देशांसाठी परतीच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो. आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावांची. एकाच कुटुंबात ‘शहा’ हे आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. सुनेच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असते, तिकिटावर सासरचे. काही वृद्धांच्या पासपोर्टवर आडनावच नसते आणि संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणे थांबविले आहे. ही दुरुस्ती तिकीट काढण्यापूर्वीच, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेऊन, करून घ्यावी.

दुसरी पायरी विमानातील जेवणाची. तिकीट काढताना केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्यास फसगत होऊ शकते. विमान कंपन्यांच्या एका शाकाहारी प्रकारात अंडे चालते, तर ‘एव्हीएमएल’ या भारतीय शाकाहारी थाळीत कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. जैन जेवणाची सांकेतिक खूण ‘व्हीजेएमएल’ अशी आहे. ती उड्डाणापूर्वी किमान 24 तास, शक्य तर तिकिटाबरोबरच नोंदवावी. मध्ये विमान बदलत असेल, तर प्रत्येक टप्प्याची आणि परतीच्या प्रवासाचीही नोंद स्वतंत्रपणे तपासावी. एवढे करूनही जेवण चढलेच नाही, असे घडते. म्हणून दोन वेळांचा कोरडा खाऊ हाताशी असावाच.

मात्र हा खाऊ निवडताना त्या त्या देशाचा कायदा पाहावा लागतो. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे अँटवर्पच्या हिरेबाजारात जाणाऱ्याने तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवावेत. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत जवळचे सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, लपविल्यास मोठा दंड होतो. विमानात वाचविलेले सफरचंदही उतरताना सोबत नेऊ नये. सर्वांत मोठा धोका खसखशीचा आहे. आपल्या लाडवात आणि मसाल्यात सहज पडणारी खसखस अमिरात व सिंगापूरमध्ये बंदी असलेला पदार्थ आहे आणि तिच्यापायी तुरुंगाची पायरी चढावी लागू शकते. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही असल्याने मोठ्या बॅगेत ठेवू देत नाहीत. पॉवर बँक मात्र हातातील पिशवीतच लागते.

चौविहार पाळणाऱ्यांनी तिथला सूर्य आधी पाहून घ्यावा. पुण्यात सूर्यास्त वर्षभर साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान होतो. लंडनमध्ये जूनअखेर तो रात्री सव्वानऊनंतर होतो, तर डिसेंबरच्या मध्यास दुपारी चारच्या आतच! हिवाळ्यात गेलेल्या व्यापाऱ्याला दुपारची बैठक संपण्यापूर्वीच दिवसाचे अन्न आटोपावे लागते, तेव्हा भेटीची वेळ ठरवितानाच यजमानाला तसे सांगावे. विमानात तर पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. अशा वेळी पच्चक्खाण कोणत्या वेळेने घ्यावे, हे निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारावे. उकळलेल्या पाण्याचा नियम असल्यास किटली सोबत न्यावी, पण भारतातील 230 व्होल्टची किटली जपानच्या 100 व्होल्टवर जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या शक्तीने चालते. तिथे हॉटेलमधील किटली निराळी धुऊन वापरणे सोयीचे ठरते.

‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थही देशागणिक बदलतो. जपानमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असू शकतो. युरोपात चीजमध्ये प्राणिज रेनेट, गोळ्या-चॉकलेटात जिलेटिन आणि लाल रंगासाठी ‘ई 120’ हा किड्यापासून काढलेला रंग सापडतो. याउलट थायलंडमधील ‘जे’ पद्धतीच्या जेवणात आणि चिनी बौद्ध मंदिरांच्या पारंपरिक भोजनात मांसाबरोबरच कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळे व अळंबी तेवढी नाकारावी लागतात. म्हणून ‘मांस, मासे, अंडे, कांदा, लसूण, बटाटा, गाजर चालत नाही’ हे वाक्य स्थानिक लिपीत छापून खिशात ठेवावे. कँटन मेळा दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरतो, तर आयंबिल ओळी चैत्र आणि आश्विनात येते. एखाद्या वर्षी या तारखा जुळल्या, तर साधा भात आणि उकडलेले कडधान्य स्वतः करता येईल अशी खोली घ्यावी.

पैसा आणि दागिने यांचीही शिस्त हवी. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात 3,000 डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन नेता येते, उरलेली रक्कम कार्डावर घ्यावी. लग्नकार्यासाठी दागिने नेणाऱ्या स्त्रियांनी जातानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा, नाहीतर परतताना स्वतःच्याच पाटल्यांचा हिशेब द्यावा लागतो. वृद्धांनी औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत.

एवढे करूनही एखाद्या दिवशी एकटेपणा दाटून येतोच. अशा वेळी लेस्टरचे जैन केंद्र, अँटवर्पजवळचे विल्रिक येथील मंदिर, कोबे येथील देरासर किंवा न्यूयॉर्कच्या एल्महर्स्टमधील केंद्र यांचा आधार मोठा असतो. तिथे दर्शन घडते आणि जवळपास नियमाचे जेवण कोठे मिळेल, याची माहितीही मिळते. पत्ता व दर्शनाची वेळ निघण्यापूर्वीच टिपून ठेवावी.

नियम बहुधा परदेशामुळे मोडत नाही. भूक लागल्यावर विचार करायला घेतला की तो मोडतो. जो विचार विमानतळावर करायचा, तो कोथरूडच्या घरी महिनाभर आधी झाला, तर आजोबांना नातवाकडे संकोच वाटत नाही आणि सुनेची धावपळही वाचते. शिवाय आजोबा दूरदेशी आनंदाने नियम पाळताना दिसले, की नातवाला धर्म वेगळा शिकवावा लागत नाही.