खुडूक कोंबडी आणि तिच्या पिलांची जोपासना

शेतीला पूरक अशा व्यवसायांत परसातील कोंबडीपालन हा सर्वांत कमी भांडवलाचा व्यवसाय होय. कोकणातील वाड्यांपासून नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पाच-दहा देशी कोंबड्या बाळगणारी घरे सर्वत्र आढळतात. या कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रीच करते आणि आठवडी बाजारात कोंबडी विकून येणारा पैसाही तिच्याच हाती राहतो. मीठमिरची, औषधपाणी, मुलांच्या वह्यापुस्तके अशा अडीअडचणीच्या वेळी हाच पैसा उपयोगी पडतो.

हे उत्पन्न अवलंबून असते ते खुडूक कोंबडीवर. बारा अंड्यांतून दहा पिले बाहेर पडली, तरी दोन महिन्यांनी त्यांतील तीन-चारच उरावीत, हा अनुभव अनेक घरांत येतो. ही हानी नशिबाची नसून बव्हंशी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी खर्चापेक्षा वेळीच घेतलेली काळजी अधिक महत्त्वाची ठरते.

कोंबडी खुडूक का होते ?

देशी कोंबडी सलग बारा-पंधरा अंडी दिल्यानंतर अंडी देणे थांबवते, खुराड्यात बसून राहते, पिसे फुलवते आणि जवळ जाणाऱ्यास टोचते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढल्यामुळे हा बदल होतो. लेगहॉर्नसारख्या अधिक अंडी देणाऱ्या जातींतून ही प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे. देशी कोंबडीत मात्र ती टिकून आहे आणि उबवणी यंत्र नसलेल्या घरी तीच यंत्राचे काम करते.

अंडी देणे, ती उबवणे आणि पिले सांभाळणे या एका फेऱ्यास साधारणतः तीन ते साडेतीन महिने लागतात. म्हणूनच देशी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठच अंडी देते. एक फेरा वाया गेला, तर वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बुडतो.

प्रत्येक खुडूक कोंबडीस रवणीला बसवलेच पाहिजे असे नाही. मात्र खुडूकपणा घालवण्यासाठी तिला पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीतून पीस ओवणे हे प्रकार क्रूर आहेत व त्यांनी जखमही होते. त्याऐवजी तळाला जाळी किंवा फटी असलेल्या, हवा खेळती राहील अशा पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवावे व दाणापाणी नेहमीप्रमाणे द्यावे. पोटाखाली ऊब न मिळाल्याने ती लवकर पूर्ववत होते.

अंड्यांची निवड

उबवण्यासाठी फलित अंडीच लागतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा. दुकानात मिळणारी पोल्ट्रीची अंडी कोंबड्याविना दिलेली असल्याने त्यांतून पिले निघत नाहीत. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ व न तडकलेली असावीत. ती धुऊ नयेत, कारण धुण्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो आणि जंतू आत शिरतात.

अंडी सात दिवसांहून अधिक जुनी नसावीत. उन्हाळ्यात तर हा काळ आणखी कमी धरावा. सत्तावीस अंश सेल्सिअसच्या वर साठवलेल्या अंड्यांत गर्भाची अर्धवट वाढ सुरू होऊन तो मरतो. यावर सोपा उपाय असा : पसरट मडक्यात ओली वाळू भरावी, तीवर गोणपाटाचा तुकडा अंथरावा, त्यावर अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि वर पातळ कापड झाकावे. वाळूवर रोज थोडे पाणी शिंपडल्यास आतील हवा थंड राहते.

रवणीची व्यवस्था

सुमारे दीड फूट व्यासाची पाटी किंवा टोपली घ्यावी. तळाशी माती व चुलीतील राखेचा थर द्यावा आणि त्यावर वाळलेले गवत मध्यभागी किंचित खोलगट होईल असे पसरावे. टोपली अंधाऱ्या, शांत व मांजर-मुंगसापासून सुरक्षित जागी ठेवावी. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या अंगावरील उवा-गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घेऊन करावा; कीड चावू लागली की कोंबडी अंडी सोडून उठते.

तिच्या आकारानुसार दहा ते बारा अंडी पुरेशी होतात. अधिक अंडी ठेवल्यास कडेची उघडी पडतात आणि आळीपाळीने सगळ्यांनाच गारवा लागतो. शक्यतो रात्री बसवावी, म्हणजे ती नव्या जागी स्थिरावते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे ती दाणापाण्यासाठी उठते. तेव्हा धान्य व स्वच्छ पाणी जवळच असावे. अंडी फिरवण्याचे काम ती चोचीने स्वतःच करते.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्यास गर्भ जिवंत असतो. स्वच्छ दिसणारे अंडे अफलित आणि रक्ताचे कडे दिसणारे मृत समजून काढून टाकावे.

मेघगर्जनेने अंडी बिघडतात, म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची पद्धत अनेक गावांत आहे. अंडी बिघडतात ती गडगडाटाने नव्हे. वादळी पावसात टोपली भिजते, कोंबडी घाबरून उठते आणि अंडी थंड पडतात, हे खरे कारण होय. टोपलीवर कोरडे छप्पर असणे हाच त्यावरील उपाय आहे.

पिलांचे पहिले दिवस

एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. कवच फोडून पिलास ओढून काढू नये. त्याने रक्तस्राव होतो. मागे राहिलेल्या अंड्यांसाठी आणखी एक दिवस वाट पाहावी. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर पिलू दोन दिवस तग धरू शकते. त्यामुळे ते लगेच खात नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उबेची गरज असते. पुढे दर आठवड्यास ती साधारण तीन अंशांनी कमी होते. ही ऊब आईच्या पंखांखाली मिळते. पण आई पहिल्याच दिवसापासून ओल्या गवतातून हिंडू लागली, तर पिले गारठून मरतात. म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस आईला व पिलांना कोरड्या तुसावर, बांबूच्या मोठ्या डालग्याखाली ठेवावे. घार, कावळा व मांजर यांच्यापासूनही त्यामुळे रक्षण होते.

पाणी उथळ भांड्यात, आत खडे टाकून द्यावे, म्हणजे पिले बुडत नाहीत. तांदळाची कणी, मक्याचा बारीक भरडा यांच्या जोडीला शेंगदाण्याची बुरशीविरहित पेंड किंवा वाळवी द्यावी. नुसत्या धान्याने वाढीस लागणारी प्रथिने मिळत नाहीत. पिलांचे खाद्य फक्त पिलेच आत शिरू शकतील अशा फटींच्या दुसऱ्या डालग्याखाली ठेवल्यास मोठ्या कोंबड्या ते फस्त करीत नाहीत.

रोगप्रतिबंध

पिलांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत अर्थात मानमोडी. या रोगावर उपचार नाही. लस हाच एक मार्ग आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास राणीखेतची आर-टू-बी लस व देवीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्यावी.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि ती थंड ठेवावी लागते. कुपी फोडल्यावर काही तासांतच संपवावी लागते. दहा पिलांसाठी ती कोण आणणार ? यास्तव वाडीतील सात-आठ घरांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात रवणीला बसवाव्यात. मग पिलेही एकाच सुमारास निघतात आणि एका कुपीत सर्वांचे काम भागते. गावातील महिला बचत गटांना हे सहज करता येईल.

पिलांच्या विष्ठेत रक्त दिसल्यास ते रक्ती हगवणीचे लक्षण असू शकते. ओले तूस ताबडतोब बदलावे व औषध विचारून घ्यावे. अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास ते विकू वा खाऊ नयेत, उघड्यावर फेकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. २००६ साली नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या. वेळीच दिलेली खबर साऱ्या गावाचे नुकसान टाळू शकते.

बारा अंड्यांमागे तीन-चारऐवजी सात-आठ पिले वाढली, तर घरातील कोंबड्यांची संख्या न वाढवताही उत्पन्न दुप्पट होते. त्यासाठी लागते ती एक कोरडी टोपली, दोन डालगी, मूठभर भरडा आणि वेळेवर पडलेला लसीचा थेंब. खुडूक कोंबडी आपले काम एकवीस दिवस निष्ठेने करते. त्यानंतरचे दोन महिने पालकाने तिला साथ दिली, तर परसातील हा छोटा व्यवसाय संसाराला भक्कम आधार ठरेल.